हातमोज्यांची दगडाबाई

शेंद्र्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणारी एक कंपनी आहे. तिथं पाळी सुटली की कामगार हातातले मोजे काढून दाराशी ठेवलेल्या निळ्या पिंपात टाकतात. सुती, पांढरे मोजे, मनगटाला पिवळी कड, तळव्यावर रबराचे बारीक ठिपके. सकाळी कोरे मिळालेले मोजे पाळी संपेपर्यंत ओळखू येत नाहीत. ती पिंपं रिकामी करायचं काम हाउसकीपिंगच्या बायांचं, आणि त्या बायांत सत्यभामा सगळ्यांत जुनी.

त्या कंपनीच्या मागच्या भिंतीपलीकडं कधीकाळी तिच्या सासरचं दोन एकर रान होतं. ते एमआयडीसीत गेलं. रानच राहिलं नाही तर बैल कशाला, म्हणून तिच्या नवऱ्यानं, सांडूनं, बैल विकले. मागोमाग गाय गेली. सांडू एका गोदामाच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला, सत्यभामा इथं. घरामागचा गोठा तेवढा तसाच राहिला. दावणीचे खुंटे, भिंतीवर बैलांनी अंग घासून घासून आलेला गुळगुळीतपणा, कोपऱ्यात गव्हाण. सत्यभामाला तिकडं बघवायचं नाही. तिनं गोठ्याला कडी घातली ती दोन वर्षं काढलीच नाही.

मोजे तिनं पहिल्यांदा घरी आणले ते चुलीवरची गरम भांडी उतरवायला. सोड्याच्या पाण्यात उकळून, बडवून, तारेवर वाळत टाकले. बोटं खाली लोंबत होती आणि प्रत्येक बोटाच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. सत्यभामा हातातलं काम टाकून बघत राहिली. तिचं लहानपण शेळ्यांमागं गेलेलं. तिला ती कास दिसली. तिनं एक मोजा काढला, दोन बोटं आत दुमडून शिवली, उरलेल्या दोन्हींत चिंध्या भरल्या, अंगठा पोटाकडं वळवला. कास आधी झाली आणि शेळी मागून झाली. रविवार संध्याकाळपर्यंत ती शेळी ओसरीवर चार पायांवर उभी होती, मान वळवून, कुणी हाक मारल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी तिनं सुपरवायझरला विचारलं, "साहेब, पिंपातले मोजे नेऊ का?"

"न्या मावशी. तेवढाच कचरा कमी."

मग तिला नादच लागला. प्रेसवरच्या कामगारांचे मोजे काळे व्हायचे, ग्राइंडिंगवाल्यांचे राखाडी, पेंटवाल्यांचे तांबूस. तेल कितीही धुतलं तरी पुरतं निघत नाही. सत्यभामानं ते काढायचा हट्टच सोडला. काळे मोजे म्हशीला, राखाडी गाढवाला, तांबूस गाईला. आत सांगाडा खोक्यांना बांधून येणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचा. शिवताना ती कधी कागदावर काही काढायची नाही. जनावर बसताना आधी कुठला गुडघा टेकतं, उठताना कुठला भार कुठं जातो, हे तिच्या हातांना पाठ होतं.

एक दिवस तिनं गोठ्याची कडी काढली. वर्षभरात तिथं दोन बैल उभे राहिले, एक गाय, तिच्या पुढ्यात वासरू, दावणीच्या टोकाला चार शेळ्या. गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. "मोजेवाली" असं तिचं नावच पडलं. सांडू मात्र हसला नाही. पहिल्या दिवशी तो दारातच थांबला. मग आत जाऊन त्यानं एका बैलाच्या पाठीवर हात ठेवला.

"वशिंड जरा डावीकडं झुकल्यालं होतं त्याचं," तो म्हणाला.

सत्यभामानं त्याच दिवशी वशिंड उसवलं आणि डावीकडं झुकतं करून पुन्हा शिवलं.

त्यांची एकुलती एक पोर करुणा. हिची चित्रकला पहिलीपासून चांगली. वहीच्या मागच्या पानावर मास्तरांची तोंडं काढायची. बारावी झाली आणि तिनं शहरातल्या चित्रकलेच्या कॉलेजात शिल्पकलेला नाव घातलं. पुंडलिकनगरात श्रेया नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहू लागली. पोरगी आपल्या वाटेनं चाललीय, आपल्यापेक्षा लांब जाणार, याचा सत्यभामाला कोण अभिमान. कंपनीत तिच्या शेजारी झाडू मारणाऱ्या गीताबाईला ती रोज काही ना काही सांगायची. आज करुणानं मातीचा पाय केला. आज करुणाला प्लॅस्टर शिकवलं.

पण तिसऱ्या वर्षाला करुणा घरी आली ती उतरल्या तोंडानं. जेवली नाही. गोठ्यात जाऊन बसली. सत्यभामा मागोमाग गेली.

"काय झालं गं?"

"आमच्या मेघा मॅडम म्हणाल्या, तुझं काम सगळं बरोबर असतं, पण त्यात जीव नसतो." करुणा वासराच्या कानावरून बोट फिरवत होती. "आई, हे नेऊ का मी? दाखवायला?"

"ने की. तुझंच हाय सगळं."

हे वाक्य सत्यभामानं किती सहज म्हटलं होतं. पुढं कितीतरी वेळा ते तिला आठवलं.

वासरू कॉलेजात गेलं आणि करुणा पुढच्या रविवारी आली ती उड्या मारत. मॅडमना फार आवडलं. अजून आण म्हणाल्या. माणूस करून बघ म्हणाल्या, मोठा, खऱ्या मापाचा. सत्यभामाला आपल्या कामाची अशी मागणी आजवर कुणी केली नव्हती. ती हरखून गेली.

"माणूस म्हंजी कोण करू?"

"तुला वाटंल ते."

सत्यभामाला विचार करावा लागला नाही. तिच्या आईच्या, दगडाबाईच्या पाठची नि पुढची भावंडं जगली नव्हती. ही तरी दगडासारखी टिकावी म्हणून तिचं नाव तसं ठेवलेलं. साठीपर्यंत टिकली. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं, आणि करुणा दोन वर्षांची असताना गेली. सांडू तिला मामी म्हणायचा. तिचा फोटो कुणाकडंच नव्हता. रेशनकार्डावर एक होता, तो एका पावसाळ्यात भिजून पांढरा झाला. सत्यभामाला आईचं तोंड आठवायचं, पण दाखवता येत नव्हतं.

चार महिने मायलेकी रविवारी गोठ्यात बसल्या. करुणा मोजे रंगांप्रमाणं लावून द्यायची, दोरा ओवून द्यायची, कॉलेजातल्या गोष्टी सांगायची. सत्यभामा शिवायची. भाकरी तिथंच खायच्या. सांडू ड्युटीवरून आला की दारात उकिडवा बसून बघायचा. तेवढे दिवस सत्यभामानं आयुष्यात मागितलेलं सगळं एका जागी आलं होतं.

सहाशेच्या वर मोजे लागले. दगडाबाई जमिनीवर बसलेली, एक गुडघा उभा, त्यावर कोपर, तळवा हनुवटीखाली. दुसरा हात बाजूला जमिनीवर टेकलेला. लुगड्याला सगळ्यांत उजळ मोजे, चेहऱ्याला पेंटवाल्यांचे तांबूस. हाताचे पंजे मात्र सत्यभामानं शिवलेच नाहीत. दोन मोजे होते तसेच भरून लावले, ग्रीसच्या डागांसकट. खुरपून खुरपून आईच्या बोटांच्या भेगांत माती बसायची, ती तशीच दिसत होती.

ज्या दिवशी डोळ्यांचे शेवटचे टाके पडले, सांडू गोठ्यात आला आणि त्यानं नकळत डोक्यावरची वॉचमनची टोपी काढली.

"मामीच बसल्यावाणी वाटलं गं," तो म्हणाला, आणि बाहेर निघून गेला.

टेम्पोत घालून दगडाबाई शहरात गेली. करुणा म्हणाली, क्रांती चौकाजवळच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे, पण मधल्या वारी आहे, तू येऊ नको, तुझी पाळी बुडंल. सत्यभामाला यायचं होतं. पण पोर म्हणते तर तिनं मान डोलवली.

चौथ्या दिवशी गीताबाई पेपर घेऊन आली. आतल्या पानावर फोटो होता. दगडाबाई बसलेली आणि तिच्या बाजूला करुणा, साडी नेसून. सत्यभामा सातवी शिकलेली. तिनं खाली बोट ठेवून सावकाश वाचलं. तरुण शिल्पकार करुणा हिनं कामगारांच्या टाकाऊ हातमोज्यांतून आपली आजी घडवली. कल्पना कशी सुचली, शिवायला किती रात्री जागावं लागलं, हे तिनं सांगितलं होतं. सत्यभामानं ते दोनदा वाचलं, मग मागचं पान उलटून बघितलं, राहिलेलं तिकडं छापलंय की काय म्हणून.

"तुझं नाव नाय यात," गीताबाई म्हणाली.

"पेपरवाले चुकत्यात. लई माणसं असतील तिथं."

"मंग चल की बघायला. आपल्याच माणसाला कसली बंदी?"

दोघींनी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. सत्यभामा ठेवणीतली साडी नेसली. हॉलमध्ये गार होतं, पांढऱ्या भिंती, वरून दिवे. आणि मधोमध दगडाबाई. तिच्यावर इतका उजेड सत्यभामानं कधी पाहिला नव्हता.  माणसं आईभोवती फिरत होती, वाकून बघत होती, हळू आवाजात बोलत होती. जिला उभ्या जन्मात कुणी खुर्ची दिली नाही, तिच्यासमोर कोट घातलेली माणसं उभी होती. पुढ्यातल्या पाटीवर लिहिलं होतं, 'आजी', आणि खाली एकटं करुणाचं नाव.

प्रवासात पदराची एक घडी खांद्यावरून घसरली होती. सत्यभामा ती सारखी करायला पुढं झाली.

"बाई, हात लावू नका," छातीला बिल्ला लावलेला एक मुलगा म्हणाला.

तिनं हात मागं घेतला. त्याच वेळी करुणानं तिला पाहिलं. तिच्याबरोबर एक बाई होत्या, सुती साडीतल्या, चष्मा लावलेल्या. त्या मेघा मॅडम, हे सत्यभामाला न सांगता कळलं. करुणाचा चेहरा पांढराफटक पडला. मॅडम हसत जवळ आल्या.

"या कोण गं?"

करुणा एक क्षण थांबली. तेवढ्या वेळात ती काहीही म्हणू शकली असती.

"या आमच्या गावातल्या. शेजारच्या. कंपनीत कामाला आहेत. मोजे याच आणून देतात मला."

गीताबाईनं तोंड उघडलं. सत्यभामानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"व्हय," ती म्हणाली. "मी मोजे धुऊन देते."

"मोठंच काम केलंत तुम्ही," मॅडम म्हणाल्या, आणि ते त्या मनापासून म्हणाल्या. मग त्या करुणाकडं वळल्या. "अगं, ते मुंबईचे पाहुणे विचारत होते, मान इतकी भारानं वाकलेली कशी राहिली? आत काय केलंयस?"

करुणा बोलायला गेली आणि अडली. आत, म्हणाली, आत पट्ट्या आहेत, आणि मग... तिला माहीत नव्हतं. मान शिवली तेव्हा ती परीक्षेला गेली होती. मॅडम वाट बघत होत्या. करुणानं आईकडं बघितलं. लहानपणी पाढा विसरली की ती असंच बघायची.

"ताईंनी आतून दुसरी मान शिवलीय," सत्यभामा म्हणाली. "आधी बारकी मान, ती वाकवून घट्ट टाचली. मंग वरून दुसरी चढवली सैल. म्हणून कातडं लोंबल्यावाणी दिसतंय. मी बघितलं व्हतं ताईला करताना."

पोटच्या पोरीला ताई म्हणताना तिचा आवाज हलला नाही. बाहेर आल्यावर मात्र तिला फुटपाथवर बसावं लागलं. समोरून चौकातली गर्दी हॉर्न वाजवत चालली होती. गीताबाई पाण्याची बाटली घेऊन आली.

"मी सांगितलं असतं त्या बाईला सगळं. कशापायी धरलंस मला?"

"सगळ्यांसमोर पोरीचं तोंड पडलं असतं."

"आणि तुझं?"

सत्यभामा पाणी प्यायली आणि तिनं रिक्षाला हात केला.

रविवारी करुणा घरी आली. चपला काढायच्या आधीच रडायला लागली, रडत रडतच बोलू लागली. पहिल्या दिवशी वासरू बघून मॅडमनी पाठीवर हात ठेवला, हे तुझंच ना, असं न विचारताच बोलत गेल्या, आणि मी गप्प बसले. उद्या सांगू म्हटलं. मग उद्या करता करता इतकं वाढलं की सांगायला तोंड राहिलं नाही. आई, मला मार, पण काहीतरी बोल.

सत्यभामानं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "झालं ते झालं. नाव तुझंच राहू दे. माझ्या आईला तेवढी घरी आण."

करुणाचं रडणं एकदम थांबलं.

"आई, ती दिली."

"दिली म्हंजी?"

"मुंबईच्या माणसांनी विकत घेतली. काल पॅक करून नेली. मला वाटलं... मला वाटलं तू दुसरी करशील."

सांडू दारात बसला होता. तो उठला आणि रस्त्यानं चालू लागला. सत्यभामा जागची हलली नाही. ती एवढंच म्हणाली, "आपल्याकडं तिचा फोटो नव्हता गं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर करुणाला बरं वाटलं असतं.

त्या कामाच्या जोरावर करुणाला बडोद्याला पुढच्या शिक्षणासाठी जागा मिळाली. सत्यभामानं तिला चकल्या करून दिल्या, गाडीत बसवून दिलं. त्यानंतर तिनं दगडाबाई तीनदा करून पाहिली. मोजे तेच, पट्ट्या त्याच, हात तेच. पहिल्यांदा तोंड कुणा भलत्याच बाईचं झालं. दुसऱ्यांदा मेल्यासारखं झालं. तिसऱ्यांदा सांडू म्हणाला, "ही तर तूच झालीस." सत्यभामानं आरशात पाहिलं आणि ते तोंड उसवून टाकलं. त्यानंतर सुईत दोरा ओवला नाही. गोठ्यातली जनावरं अंगणवाडीच्या बाई मागायला आल्या, तिनं देऊन टाकली. सांडूनं बैल तेवढे ठेवून घेतले.

दोन वर्षं गेली. एका दुपारी दारात गाडी थांबली आणि मेघा मॅडम उतरल्या. केस बरेच पिकले होते. सत्यभामानं खाट झटकून दिली, चहा ठेवला. मॅडमनी पर्समधून एक पत्र काढलं.

"करुणानं मला लिहिलंय. सगळं लिहिलंय. त्या दिवशी हॉलमध्ये तुम्ही कोण होतात, तेही." त्यांचा आवाज जड झाला होता. "मी ओळखायला हवं होतं. मान तुम्ही सांगितलीत, तेव्हाच ओळखायला हवं होतं. मला हे सुधारायचंय. तुमच्या नावानं जाहीर करायचंय. पण आधी तुमच्या तोंडून ऐकायचंय."

सत्यभामा पत्राकडं बघत राहिली. पोरीचं अक्षर होतं, लहानपणापासून उजवीकडं पडणारं. हे जाहीर झालं तर पोरीचं काय होईल, कॉलेज काय म्हणेल, पेपरात पुन्हा काय छापून येईल, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"तसं काय नाय मॅडम," ती म्हणाली. "पोरीला माझी माया लई. म्हणून लिहिलं असंल. केलं तिनंच. मी धुऊन द्यायचे."

"सत्यभामाबाई, ती स्वतः कबूल करतेय."

"मला काय कळतंय त्यातलं? घ्या, चहा घ्या. गार व्हतोय."

मॅडमनी पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं. चहा संपवला. जाताना त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि सोडले.

संध्याकाळी करुणाचा फोन आला.

"मॅडमना असं का सांगितलंस? मी किती मुश्किलीनं लिहिलं होतं ते. एकदाच मला खरं वागू द्यायचं होतंस."

"तुझं नुकसान झालं असतं."

"ते माझं मी बघितलं असतं, आई. तुला मला माफ करायचंच नाहीये."

 आपण पोरीला वाचवलं की तिचा परतीचा रस्ता बंद केला, हे सत्यभामाला त्या क्षणी कळेना. तिनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडं करुणाही होती. मग कधीतरी फोन बंद झाला.

यंदा एप्रिलात जयंतीला करुणा चार दिवस आली. हल्ली ती बडोद्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. शिल्पं करत नाही. वस्तीतल्या बायांनी जयभीम घातला, पोरीचं कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून मोजे मागून आणले, धुतले, वाळवले, आणि गोठ्यात बसून म्हणाली, "मला शिकव."

सत्यभामा तिच्याशेजारी बसली. करुणानं कोंबडी करायला घेतली. तुरा बरा झाला. पण टाके लांब पडत होते आणि पायांत भार येत नव्हता. उभी केली की कोंबडी पुढं तोंडावर पडायची. करुणा पुन्हा उभी करायची, पुन्हा पडायची. पूर्वीची सत्यभामा असती तर तिनं ती हिसकावून घेतली असती, पोट उसवून पाय मागं सारले असते, आणि वर पोरीच्या पाठीत एक हलका धपाटा घातला असता. करुणा त्याचीच वाट बघत होती. तिनं कोंबडी आईपुढं धरली.

सत्यभामानं ती हातात घेतली नाही. नुसती बघितली.

"बरी झालीय," ती म्हणाली, आणि कणीक मळायला उठली.